शीमावशीचा साउंड

माझ्या मावशीला सगळे शीमावशी म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. बोटाला थुंकी लावून कागद उलटणारा माणूस दिसला की शी, लिफ्टच्या बटणाला काही चिकट लागलं की शी, कपाच्या कडेला दुसऱ्या कुणाची लिपस्टिक राहिली असली की तो चहा गेला बेसिनमध्ये. अशा बाईने अख्खं आयुष्य परक्या लोकांनी थुंकलेले माइक पुसण्यात घालवावं, हा विनोद आमच्या घरात इतका जुना झालाय की आता त्यावर कुणी हसतही नाही.

मावशी आणि काका साउंड भाड्याने देतात. मैदानावरचा, दहा ट्रक भरून येतो तसला नाही. निवृत्तीचा समारंभ, शाळेचं संमेलन, कॅफेतली गाणी, जिमचं उद्घाटन, सोसायटीची वार्षिक सभा, जिथे माइक मुख्यतः भांडायलाच लागतो. ज्यांचं बजेट फुलांवर आणि जेवणावर संपतं आणि मग आदल्या दिवशी कुणाला तरी आठवतं की आवाजाचं काय करायचं, ते लोक मावशीला फोन करतात.

काका मूळचे वायरमन. तरुणपणी मोठ्या स्पीकरच्या बॉक्सांच्या शेजारी उभं राहून राहून त्यांचा उजवा कान गेला. त्यात आता कायम शिट्टी वाजते म्हणतात. त्यामुळे मिक्सरवर बसायचं काम मावशीकडे आलं. तिला कुणी शिकवलं नाही. तिला बेसूर, चिरका, घोगरा आवाज सहनच होत नाही, सडक्या वासासारखा नाकात जातो म्हणते, म्हणून तो नीट होईपर्यंत ती बटणं फिरवत राहते.

धंद्यातले तिसरे भागीदार म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. मावशी त्यांना भावजी म्हणते, म्हणून मीही भावजीच म्हणते आणि गिऱ्हाइकंही. टेम्पो भावजींचा, ओळखी भावजींच्या, बोलणं तर पूर्णच भावजींचं. गिऱ्हाइकाने एक विचारलं की हे चार सांगणार. माणूस वाईट नव्हता. माझ्या लहानपणी मला टेम्पोत पुढे बसवून फिरवायचे. पण कुठलंही काम निम्म्यात उरकायचं आणि उरलेल्या निम्म्यावर गप्पा मारायच्या, ही त्यांची पद्धत.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. सुट्टीच्या दिवशी मावशीबरोबर वायरी गुंडाळायला जाते. तोंडांच्या घाणीची मला सवय आहे, पण मावशीने मला एकदा एका माइकची जाळी फिरवून आतला फोम दाखवला होता, तेव्हा मीही तोंड फिरवलं. पिवळट, ओलसर, आणि वास तर असा की कुणाचं तरी आठवडाभराचं जेवण त्यात राहायला आलंय. ती प्रत्येक कामानंतर जाळ्या काढून साबणाने धुते. भावजी म्हणायचे, "वहिनी, माइक आहे तो, बाळाची बाटली नाही."

मागच्या वर्षी जुना मिक्सर बंद पडला. काकांनी उघडला तर आत झुरळांचा संसार. अंडी, पंख, पाय, आणि तारांवर तपकिरी चिकट थर. मावशी गॅलरीत निघून गेली आणि तिथूनच म्हणाली, "नवा घ्यायचा. हा माझ्या घरात परत आणायचा नाही." बॉक्सही फाटले होतेच, तेव्हा सगळाच संच नवा घ्यायचा ठरलं. पैसे बेताचे. त्यामुळे काय घ्यायचं आणि कशावर पाणी सोडायचं, याचा विचार करावा लागणार होता. आणि इथेच मावशी आणि भावजी यांचं फाटलं.

आम्ही तिघं बाजारात गेलो. काका आले नाहीत, दुकानात त्यांचा कान जास्त वाजतो. दुकान म्हणजे एक लांबट बोळकांडी, दोन्ही बाजूंना छतापर्यंत काळे बॉक्स, आणि नव्या प्लास्टिकचा असा उग्र वास की डोळ्यांत पाणी यावं. विक्रेत्याने आम्हाला पाहिल्याबरोबर एका भल्यामोठ्या बॉक्सवर गाणं लावलं. गाणं कसलं, धडाम धडाम. बॉक्सच्या आत रंगीत दिवे होते, ते त्याच तालावर फुगल्यासारखे पेटत होते. माझ्या छातीत हलायला लागलं. भावजींचा चेहरा मात्र उजळला.

"बंद कर," मावशी म्हणाली. "आता माइक लाव आणि तू बोल."

"काय बोलू मॅडम?"

"काहीही. सकाळी काय खाल्लंस ते सांग."

तो बिचारा ब्रेड आणि अंडं म्हणाला, पण ऐकू आलं ते मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं. मावशीने नाक मुरडलं. मग तिने कोपऱ्यातल्या एका साध्या, बुटक्या, दिवे नसलेल्या बॉक्सवर त्याला तेच पुन्हा बोलायला लावलं. या वेळी ब्रेड कळला, अंडंही कळलं, आणि त्याला सर्दी झालीय तेही कळलं.

तिचं गणित सरळ होतं. छोट्या कामात शंभरेक माणसं असतात, आणि त्यांना समोरचा काय म्हणतोय ते कळायला हवं, एवढंच. म्हणून आधी चांगले वायरीचे माइक, कारण तिथे घाण शिरली की पुढे कुठेच निघत नाही. मग दोन साधे बॉक्स. त्यांचे स्टँड लोखंडी हवेत, प्लास्टिकची कडी असलेले नकोत, ते घसरतात आणि खाली माणसं बसलेली असतात. मग जाड वायरी आणि एक भक्कम एक्स्टेंशन बोर्ड. राहिलेल्या पैशात येईल तो मिक्सर, बटणं कमी असली तरी चालेल. बिनवायरीचे माइक नकोतच. स्वस्तातले बिनवायरीचे माइक भाषणाच्या मध्येच भलत्या लहरी पकडून टॅक्सीवाल्याचं बोलणं ऐकवतात.

तिने दिव्यांच्या बॉक्सच्या मागचा कागद मला वाचायला लावला. त्यावर छापलेला वॅटचा आकडा इतका मोठा होता की खरा असता तर दुकानाची वीज गेली असती. मग तिने तो बॉक्स एका हाताने उचलून दाखवला. आत जवळजवळ काही नव्हतंच.

"खोटं छापताना लाजही वाटत नाही," ती म्हणाली. "आणि हेच खपतं."

"वहिनी, लोक डोळ्यांनी ऐकतात," भावजी म्हणाले. "तुमचे हे डबे घेऊन गेलो तर गिऱ्हाईक म्हणेल, बाकीचा साउंड टेम्पोत राहिला का?"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, हेही सांगायला हवं. शेवटी मावशीने निवडलेलाच संच घेतला, आणि त्यावर आम्ही पहिलं काम केलं ते एका जिमच्या उद्घाटनाचं, भर रस्त्याच्या कडेला. तिथे तिचे दोन बॉक्स बिचारे कुणाच्या गावीही नव्हते. शेजारून बस गेली की पाहुण्याचं भाषण बसबरोबर जायचं. जिमचा मालक, दंडावर वीतभर नसा फुगलेला, मावशीच्या अंगावर येऊन म्हणाला, "काकू, आवाज आणलाय की कुजबुज?" त्याच्या तोंडाला दारूचा आणि प्रोटीन पावडरचा एकत्र वास येत होता. घरी येऊन तिने दोनदा आंघोळ केली.

त्यानंतर भावजींनी कुणाला न विचारता त्यांच्या वाट्याच्या पैशात दुसरा संच आणला. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा. दोन दिव्यांचे बॉक्स, आणि ज्याच्या पोटातच अँप्लिफायर आहे असा एक पत्र्याचा मिक्सर. त्यावर नावाजलेल्या कंपनीचं स्टिकर होतं, पण एका अक्षराचा फरक करून. मिक्सर चालू केला की घूं असा बारीक आवाज बॉक्समधून सतत यायचा, डास कानाशी घोंघावावा तसा. मावशी म्हणाली, "मी याला हात लावणार नाही." काका टीव्ही बघत म्हणाले, "चालतंय, घूं कुठे नसतो." काकांना तो ऐकूच येत नव्हता.

पण कामं दोन दोन यायला लागली आणि एक दिवस असा आला की मावशीचा मिक्सर शाळेच्या कामात अडकला. त्याच संध्याकाळी एका कॅफेत गाण्यांचा कार्यक्रम होता. भावजी म्हणाले, माइक तुमचे, बॉक्स तुमचे, फक्त मिक्सर माझा घ्या. मावशीचा नाइलाज झाला.

कॅफे म्हणजे पूर्वीचं गॅरेज. भिंतींना मुद्दाम प्लास्टर केलेलं नव्हतं, कारण हल्ली लोकांना तसं आवडतं म्हणे. जमीन सिमेंटची, नुकतीच पुसलेली, आणि पुसणाऱ्या फडक्याचा आंबट वास सगळीकडे पसरला होता. गाणारी मुलगी कॉलेजातली, लाजाळू, पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होती. तिने सँडल काढून बाजूला ठेवले. अनवाणी गायलं की बरं वाटतं म्हणाली. तिचे वडील पुढच्याच टेबलाशी बसले होते, शर्टाचं वरचं बटणही लावून. तिची गिटार कॅफेच्या छोट्या बॉक्सला जोडलेली होती, आणि तो भिंतीतल्या सॉकेटला. आमचा मिक्सर काउंटरमागच्या वेगळ्या सॉकेटवर होता.

तालीम सुरू झाली आणि घूं सुरू झाला. नेहमीपेक्षा मोठा.

"भावजी, दोन्ही एकाच बोर्डावरून घ्या," मावशी म्हणाली. "आमचा मोठा बोर्ड आहे टेम्पोत. तो आणा, घूं कमी होईल."

"आणतो," भावजी म्हणाले.

मावशी हात धुवायला गेली. परत आली तेव्हा घूं पूर्ण थांबला होता. कॅफेतली शांतता तिला इतकी छान वाटली की ती मला म्हणाली, "बघ, केलं शेवटी." तिने काउंटरमागे वाकून पाहिलं नाही. ते तिला पुढे फार लागलं.

लोक आले, बसले, मोठमोठ्याने बोलत राहिले. मुलीने डोळे मिटून तारा छेडल्या, पुढे झुकली, आणि तिचे ओठ माइकच्या जाळीला लागले.

बॉक्समधून टक्क असा आवाज आला. मुलगी मागे फेकली गेली. स्टूल पडलं, गिटार तिच्या अंगावर पडली. क्षणभर काहींना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, कारण एक दोघं हसले. मग तिचे वडील उठले.

मी तिच्याजवळ पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती पण तिची बोटं वळलेली होती आणि दात वाजत होते. खालच्या ओठावर एक पांढरा, सुरकुतलेला डाग पडला होता, भाजलेला. मी तिची मान नीट केली, नाडी पाहिली, कुणाला तरी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. मान वर केली तर चारही बाजूंनी फोन आमच्याकडे रोखलेले. एक जण तर खुर्चीवर चढला होता, नीट दिसावं म्हणून.

"काही नाही, काही नाही," भावजी लोकांना सांगत होते. "नवीन मुलगी आहे, घाबरली. पाणी द्या तिला."

कॅफेचा मालक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "पुढचा गायक तयार आहे का? टेबलं भरलेली आहेत हो."

मावशी मात्र मुलीकडे आली नाही. ती मिक्सरच्या वायरीचा माग काढत काउंटरच्या आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि प्लग उपटून काढला. त्या प्लगला तिसरी, अर्थिंगची पिन नव्हती. पक्कडीने पिळून तोडली होती. तुटलेली पितळी पिन तिथेच, केस आणि साखरेच्या रिकाम्या पुड्यांच्या कचऱ्यात पडली होती. टेम्पोपर्यंत जाऊन बोर्ड आणायचा कंटाळा, एवढंच कारण. तिसरी तार चुकार वीज जमिनीत नेऊन सोडते. ती तोडली की घूं थांबतो. पण त्या भिकार मिक्सरच्या पत्र्यात उतरलेली वीज मग वायरीतून माइकच्या जाळीपर्यंत येते आणि दुसरी वाट शोधते, आणि ती वाट तिला त्या मुलीच्या ओठांतून, ओल्या जमिनीवरच्या अनवाणी पायांपर्यंत सापडली.

मावशीने ती पिन उचलली. ज्या बाईने लिफ्टचं बटण रुमालाने दाबलं असतं, तिने त्या घाणीत बोटं घातली. मग ती सरळ मुलीच्या वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"तुमची मुलगी घाबरलेली नाही," ती म्हणाली. "तिला शॉक बसलाय. ही पिन आमच्या माणसाने तोडली. चूक आमची आहे."

त्या गृहस्थांनी पिनेकडे पाहिलं. त्यांना आधी काही उमगलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे ती मेली असती का?"

"हो," मावशी म्हणाली.

भावजींनी तिचा दंड धरला. हळू आवाजात, दातांतून म्हणाले, "वहिनी, धंदा बुडवताय तुम्ही. कोण मागत होतं हे?"

मावशीने त्यांचा हात असा काढला जसं एखादं झुरळ झटकावं. आम्ही मुलीबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला रात्रभर ठेवून घेतलं आणि हृदय ठीक आहे म्हणून सकाळी सोडलं. ओठाचा डाग मात्र राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशीकडे जेवायला होते. काकांनी टीव्ही बंद केला. हे त्या घरात सहसा होत नाही.

"पिन तोडली होती?" त्यांनी विचारलं.

"पक्कडीने."

"घूं येत असणार." काका ताटाकडे बघत म्हणाले. "आम्ही पण असंच करायचो. सगळेच करायचे. त्याला मीच दाखवलं होतं, टेम्पो नवीन घेतला तेव्हा." मग घास कालवत म्हणाले, "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही."

मावशीचा घास हातातच राहिला. ती उठली, बेसिनपाशी गेली आणि जे काही खाल्लं होतं ते सगळं तिने ओकून टाकलं. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "ह्याच हातांनी तुझे काका रोज मला चहा करून देतात." आवाजात राग नव्हता. शिसारी होती, आणि ती रागापेक्षा वाईट. राग आला असता तर ती भांडली असती.

पुढचे कित्येक दिवस ती काकांशी कामापुरतं बोलली. त्यांचा कप तिने वेगळा केला. मला ते जरा जास्तच वाटलं आणि मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मला कळतं. पण गळ्याखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?"

भागीदारी मोडली. भावजी टेम्पो आणि दिव्यांचे बॉक्स घेऊन वेगळे झाले. मावशीकडे तिचे दोन बॉक्स, तिचा मिक्सर आणि तिचे माइक राहिले. भावजींचा धंदा बुडाला नाही, उलट वाढला. त्या मुलीचा पडतानाचा व्हिडिओ महिनाभर लोकांच्या फोनवर फिरला, खाली हसण्याची चित्रं टाकून. पण साउंड कुणाचा होता, हे कुणी विचारलं नाही. मावशीला फोन येतात त्यातले निम्मे लोक विचारतात, बेस आहे का, लाइट आहेत का. नाही म्हटलं की ठेवून देतात.

एके दिवशी मी गेले तर काका गॅलरीत बसले होते. माळ्यावरचे सगळे जुने बोर्ड, सगळ्या वायरी, सगळे प्लग त्यांनी खाली काढले होते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक उघडत होते. बहुतेकांत तिसरी तार नव्हतीच, किंवा होती ती कापून आत दुमडलेली. जिथे जमेल तिथे ते नवी तार भरत होते, बाकीचं एका पोत्यात टाकत होते. मावशी दारात उभी राहून बघत होती. ती त्यांच्या जवळ गेली नाही आणि त्यांनीही मान वर केली नाही. पोतं भरल्यावर ते दोघांनी मिळून खाली नेलं, दोन टोकं धरून, आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मला वाटलं आता सगळं ठीक होईल. तसं काही झालं नाही. पण संध्याकाळी तिने त्यांच्या हातचा चहा घेतला. अर्धा.

मग भावजींचा फोन आला. एका डान्स क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता, काही मुली गाणारही होत्या, आणि भावजींनी नवे घेतलेले बिनवायरीचे माइक ऐन वेळी दगा देत होते. "वहिनी, तुमचे वायरीचे द्याल का? एका दिवसापुरते." आवाज लोण्यासारखा.

मला वाटलं ती फोन आपटेल. ती म्हणाली, "देते. पण मी बरोबर येणार."

"तू कशाला जातेस?" मी विचारलं. "त्यांचं तोंड बघवत नाही तुला."

"तोंड नाही बघायचं मला. प्लग बघायचेत."

मीही गेले. हॉल कोंदट होता, पडद्यांना घामट वास येत होता, आणि स्टेजच्या मागे जुन्या केकचे तुकडे वाळून चिकटले होते. मावशी हातात टेस्टर घेऊन त्या सगळ्यातून गुडघ्यांवर रांगली. प्रत्येक प्लग उपटून पाहिला. भावजी बाजूला उभे राहून फोनवर बोलल्याचं नाटक करत होते. दोन प्लग तिला पटले नाहीत. तिने पिशवीतून स्वतःचे काढून लावले आणि जुने भावजींच्या हातात ठेवले. त्यांनी ते खिशात घातले.

कार्यक्रम सुरू झाला. बॉक्समधले दिवे फुगायला लागले. जे काही बाहेर येत होतं त्याला मावशी आवाज म्हणायला तयार नव्हती. तिने कानांत कापूस घातला, तरी तिचं तोंड कडवट झालेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, आता सगळं तपासलंय, आपण बाहेर बसू. तिने मान हलवली. पहिली गाणारी मुलगी पुढे आली, तिने माइक हातात घेतला आणि तोंडाजवळ नेला. तेव्हा मावशी भिंतीला टेकून मेन स्विचपाशी उभी होती आणि तिचा हात खटक्यावर होता. ती पूर्ण गाणं तशीच उभी राहिली. दुसरं सुरू झालं तरी तिने हात काढला नाही.